खर्रा सोडायला पॉड व्हेप घेऊ का? माझं चार दिवसाचं ऐका, आणि मंग खर्रा खरंच कसा सुटला ते पायरीपायरीनं

राजेहो, हा प्रश्न मला या वर्षात पाच-सात जणांनी विचारला, त्यातले तीन तर आमच्याच गावचे पोट्टे, की भाऊ, खर्रा (पन्नीत घोटलेली तंबाखू, सुपारी आणि चुना) काही सुटत नाही तर ते पॉडवालं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घ्यावं का, छोटंसं असते, चार्जरची डबी सोबतच येते, वास येत नाही, घरी समजत नाही. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून झालं म्हणून आता एकदा सगळं लिहून टाकतो. मी हिंगणघाटकडचा कास्तकार, डॉक्टर नाही. अठरा वर्षं खर्रा खाल्ला, दिवसाला चार, कापसाच्या दिवसात सहासुद्धा, आणि आता सव्वादोन वर्षं झाली, सुरुवातीला एकदा चुकलो ते सोडलं तर एकही नाही. सुटायच्या आधी चार दिवस ते पॉडही ओढून पाहिलं. म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आधी पॉडचं

माझा भाचा पुण्याला शिकते, दिवाळीत आला तेव्हा त्याच्याजवळ होतं. म्हणे, "मामा, तुम्ही हे ओढा, महिन्याभरात खर्रा सुटते का नाही पाहा." बोटाएवढी नळी, कानात घालायच्या इअरबडसारखी तिची डबी, डबीत ठेवली की नळी चार्ज होते, आणि डबी उतरली की ती पॉवर बँकेवर लावायची. आतमधी काय असते ते समजून घ्या, कारण विकणारा हे सांगत नाही. एक लहान लिथियम बॅटरी, वरती पॉड म्हणजे प्लास्टिकची टोपी, तिच्यात दोनेक मिलिलिटर पातळ औषधासारखं द्रव, त्यात बुडालेला कापूस आणि कापसाला लागून तारेचं कॉइल. तुम्ही श्वास ओढला की सेन्सरला समजते, कॉइल तापते, द्रवाची वाफ होते आणि ती सरळ फुप्फुसात. द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाचा अर्क आणि निकोटीन. भाच्याच्या डब्यावर एका मिलिलिटरला 50 मिलिग्राम निकोटीन लिहिलं होतं, म्हणजे दोन मिलिलिटरच्या एका पॉडात 100 मिलिग्राम. आता मेडिकलवर जे निकोटीनचं च्युइंगम भेटते त्याच्या एका गोळीत 2 मिलिग्राम असते, यावरून अंदाज घ्या की घरात लहान लेकरू असताना असला पॉड उशाशी पडून राहणं किती धोक्याचं आहे.

याला नवशिक्यासाठी सोपं काहून म्हणतात तेही सांगतो. यात निकोटीन सॉल्टच्या, म्हणजे क्षाराच्या रूपात असते, त्यानं घसा खवखवत नाही, ठसका लागत नाही. बिडीचा पहिला झुरका मारणारा खोकलते, हे ओढणारा खोकलत नाही. मला तर हीच गोष्ट सगळ्यात वाईट वाटली. खर्र्याला एक शेवट असते, तोंड भरते, थुंकावं लागते, चोथा संपते. पॉडला शेवटच नाही. आमच्याकडं तेव्हा लाइन रात्रीची होती, हरभऱ्याचं ओलीत चालू होतं, मी रात्रभर बांधावर बसून होतो, एका हातात टॉर्च आणि खिशात पॉवर बँकेला लावलेली ती डबी. दांड बदलवला की दोन झुरके, परत येऊन बसलो की दोन झुरके, कोणी पाहणारं नाही, कोणी मोजणारं नाही. पहाटे डोकं गरगरलं, मळमळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ठेल्यावर गेलो आणि खर्राही घेतला, कारण वाफेनं निकोटीन भेटलं पण तोंड रिकामंच होतं, सुपारी पाहिजे होती. चौथ्या दिवशी हिशोब केला तर खर्रे चारचे चारच आणि वरून पॉड. भाच्याला परत दिलं.

आता खरं ते खरं सांगतो, अर्धवट सांगून कोणाला भ्या दाखवायचं नाही. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडायला व्हेपचा उपयोग करतात, तिथं 2019 मध्ये 886 जणांवर झालेला अभ्यास डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला, त्यात एका वर्षानं व्हेपवाल्यांतले 18 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते आणि निकोटीनचं च्युइंगम, चिकटपट्टी असलं काही घेणाऱ्यांतले 9.9 टक्के. दोन्ही गटांना सोबत समुपदेशन होतं. पण तो अभ्यास सिगारेटवाल्यांचा. सिगारेटवाल्याचं फुप्फुस आधीच धूर खात असते, त्याला धुराच्या जागी वाफ म्हणजे नुकसान कमी होते असा तो हिशोब. खर्रेवाल्याचं फुप्फुस तर साफ आहे! आपलं तोंड खराब झालं म्हणून आता छातीलाही कामाला लावायचं, हे मला पटत नाही. शिवाय तिथं एका मिलिलिटरला 20 मिलिग्रामच्या वर निकोटीन विकता येत नाही, तपासणी असते. आपल्याकडं ते सगळं चोरून येते, आत काय भरलं ते कोण तपासणार. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाचा आजार निघाला होता, फेब्रुवारी 2020 पर्यंत 2807 जण दवाखान्यात भरती झाले किंवा मेले, त्यातले मेलेले 68, त्यात मुख्य कारण निघालं विटामिन ई ॲसिटेट, म्हणजे गांजाच्या अर्काचं द्रव घट्ट करायला केलेली भेसळ.

आणि कायदा. 18 सप्टेंबर 2019 ला केंद्रानं अध्यादेश काढला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला, तेव्हापासून आपल्या देशात ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, नेणं-पोचवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा करून ठेवला तर सहा महिने किंवा पन्नास हजार, किंवा दोन्ही. जो पोट्टा म्हणते ना की मी दहा मागवतो, गावात सातशे-आठशेला देतो, त्याला हे नक्की दाखवा.

ज्याच्याजवळ आधीच पडून आहे त्यानं एवढं करा: लहान लिथियम बॅटरी आहे, आपल्याकडं मे महिन्यात पारा 46-47 ला जाते, गाडीच्या डिक्कीत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, टिनाच्या खाली ठेवू नका. चुलीत किंवा उकिरड्यावरच्या कचऱ्यासोबत पेटवू तर बिलकुल नका. तालुक्याला मोबाईल दुरुस्तीवाल्याजवळ जुन्या बॅटऱ्या जमा होतात, तिथं द्या. पॉवर बँक मात्र ठेवा, ओलितात कामाची आहे, फक्त घेताना बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) आर नंबर छापलेली घ्या.

खर्रा म्हणजे एक व्यसन नाही, चार गाठी आहेत

हे मला समजलं तेव्हाच सुटला. पॉडवाला एकच गाठ पाहते, निकोटीनची. खर्र्यात चुना लावलेली तंबाखू आहे, सुपारी आहे, पन्नीत घोटणारा हात आहे आणि बाजूला बसणारे चार लोक आहेत. चुना काहून टाकतात माहीत आहे का? चुन्यानं तोंडातली आम्लता कमी होते आणि तंबाखूतलं निकोटीन मोकळं होऊन गालाच्या कातडीतून भराभर रक्तात जाते. म्हणून खर्रा असा झटकन लागते. सुपारीत आणखी वेगळं, ॲरेकोलिन नावाचं, तेही तरतरी देते आणि त्याचीही सवय लागते. दोन नशा एका पन्नीत.

म्हणून "मी तंबाखू सोडली, आता फक्त सादी सुपारी खातो" म्हणणारे जे आहेत त्यांना हात जोडून सांगतो, सुपारी एकटीही कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, तिनं 2004 मध्ये छापलेल्या अहवालात तंबाखू नसलेल्या सुपारीलाही पक्क्या कॅन्सरकारकांत टाकलं आहे. आणि तोंड आखडते ते मुख्यतः सुपारीनंच.

तोंड तपासा, आजच

स्वतःची तीन बोटं, अंगठ्याजवळचं, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. आरामात गेली तर ठीक. माझी अडीच जात होती. म्हणजे तिसरं बोट दातावर घासून अडकत होतं आणि मी जोर लावला की कानाच्या खाली ताण यायचा. त्याच्या आधी वर्षभर मला हिरव्या मिरचीचा ठेचा झोंबायला लागला होता, साधं वरणसुद्धा गरम असलं की तोंड जळायचं, मी समजलो पोटात उष्णता झाली. मंग मोबाईलचा टॉर्च लावून आरशात गाल पाहिला, आतून गुलाबी पाहिजे तिथं पांढुरका, संगमरवरासारखा, आणि बोटानं दाबला तर दोरीसारखे पट्टे लागत होते.

याला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हे पूर्ण बरं होत नाही, पण खर्रा आणि सुपारी बंद केली तर वाढणं थांबू शकते, आणि तोंड उघडायचे व्यायाम, औषध केल्यानं फरक पडते. पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यात न भरणारा फोड, गाठ, गिळताना दुखणं, यातलं काही असलं तर निकोटीन गमचा (च्युइंगमचा) उद्योग नंतर, आधी दवाखाना. वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आणि सावंगीचे दवाखाने जवळ आहेत, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. मी सावंगीला गेलो होतो, सकाळी लवकर निघा, दुपारी परत येता येते.

तीन दिवस काही सोडू नका, फक्त लिहा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्याच तारखेच्या चौकोनात, प्रत्येक खर्र्याला एक रेघ आणि बाजूला वेळ. मला वाटायचं मी चार खातो, निघाले साडेपाच. आणि वेळा पाहिल्या तर सकाळी उठून पंधरा मिनिटात पहिला, बैल सोडताना दुसरा, जेवणानंतर एक, लाइन यायची वाट पाहताना एक आणि कोणाशी वाजलं की एक. पैसेही तिथंच लिहा. 30 रुपयाचा एक खर्रा, चार धरले तरी दिवसाचे 120, वर्षाचे 43,800. आमच्या घरचीनं तो आकडा पाहिला आणि काही बोलली नाही, नुसतं कॅलेंडर तिथंच राहू दिलं.

यात एक गोष्ट मुद्दाम पाहा: उठल्यावर किती वेळात पहिला खर्रा लागते. अर्ध्या तासाच्या आत लागत असला तर निकोटीनची पकड जास्त आहे, गमचा डोस ठरवायला हे लागते.

तारीख धरा

कापूस वेचणी ऐन भरात असताना, घरी लग्न असताना, रात्रीच्या ओलिताच्या आठवड्यात तारीख धरू नका. मी पहिल्यांदा ऐन दिवाळीनंतर सोडला होता, कॉटन मार्केटात गाडी लावून रात्रभर रांगेत बसलो, मागं-पुढं सगळे खर्रेवाले, दुसऱ्याच रात्री बुडालो. दुसऱ्या वेळी होळी झाल्यावर धरली, काम कमी, आणि सुटला. पोळा झाल्यावरही चालते, तेव्हा वावरात जरा उसंत असते. पण दोन आठवड्याच्या पुढची तारीख नको, मन थंड होते.

तारखेच्या आदल्या रात्री सगळं झाडून काढा. शर्टाचे खिसे, गाडीची डिक्की, मोटारच्या स्टार्टरची पेटी, गोठ्यातली खिट्टी, जिथं जिथं अर्धी पन्नी खोचून ठेवायची सवय आहे तिथं. माझ्या स्टार्टरच्या पेटीत तीन निघाल्या, मला आठवतही नव्हत्या.

गम कसं चावायचं, इथंच सगळे चुकतात

मेडिकलवर 2 मिलिग्रामचं निकोटीन गम विना चिठ्ठीचं भेटते, 4 मिलिग्रामचं डॉक्टरच्या चिठ्ठीवर. ज्याला उठल्यावर अर्ध्या तासात खर्रा लागते त्याला बहुतेक 4 लागते, म्हणून अशानं आधी डॉक्टरला दाखवलेलं बरं. हार्टचा त्रास होऊन गेला असेल, ठोके अनियमित असतील, बीपी खूप असेल, अल्सर असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका. अठराच्या आतल्या पोट्ट्याला परस्पर देऊ नका.

आता चावणं. आपण खर्रेवाले लोक, तोंडात काही पडलं की रवंथ सुरू. मी पहिली गोळी तशीच चघळली, कचाकचा, पाच मिनिटात उचकी सुरू झाली, पोटात जळजळ, म्हटलं हे आपल्याले पचत नाही बाप्पा, आणि गमची पट्टी फेकणारच होतो. दोष गोळीचा नव्हता. जोरात चावलं की निकोटीन एकदम सुटते, थुंकीसोबत पोटात जाते, तिथं त्याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त. ते गालातून जायला पाहिजे.

म्हणून असं करा: गोळी तोंडात टाका, हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा, तिखट चव किंवा मुंग्या आल्यासारखं लागलं की थांबा. गोळी गाल आणि हिरडीच्या मधात सरकवा, जिथं खर्रा ठेवायचे तिथंच, आणि ठेवून द्या. मिनिटभरानं मुंग्या कमी होतात, मंग परत दोन-चार वेळा चावा, आता दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. थुंकायचं नाही, घटाघटा गिळायचंही नाही. अर्ध्या तासानं कागदात गुंडाळून टाका, लेकरांच्या आणि वासराच्या हाती लागेल असं टाकू नका.

चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, गम घ्यायच्या पंधरा मिनिटं आधी नको आणि गम तोंडात असताना नको. कारण तेच, वर चुन्याचं सांगितलं त्याच्या उलट: आंबटपणानं निकोटीन गालातून जात नाही. सकाळी चहा पिऊन लगेच गम टाकणारे म्हणतात गम लागतच नाही, लागणार कसं. मी गम आधी आणि चहा नंतर असं केलं, उठलो, चूळ भरली, गम, मंग गोठा, आणि मंग चहा.

किती घ्यायचे? पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक, तलफ येण्याची वाट न पाहता, घड्याळावर. माझे दिवसाचे दहा-अकरा झाले. चोवीसच्या वर कधीच नाही. सात ते नऊ आठवडे दर दोन-चार तासाला, दहा ते बारा आठवडे दर चार-आठ तासाला, आणि बंद. लोक उलट करतात, पहिल्याच आठवड्यात कंजूसपणा करून दिवसाला दोन खातात, चौथ्या दिवशी ठेल्यावर दिसतात. सुरुवातीला खर्र्याइतकाच पैसा लागते, तो धरूनच चाला.

ज्याचं तोंड आखडलं आहे, जबडा दुखते, किंवा कवळी आहे, त्यानं गमच्या मागं लागू नये, निकोटीनची चिकटपट्टी असते, 21, 14 आणि 7 मिलिग्रामची, दंडावर लावायची, डॉक्टरला विचारून ती घ्यावी. उन्हाळ्यात घामानं निघते, म्हणून आंघोळ करून अंग पूर्ण कोरडं झाल्यावर लावा. आणि गम किंवा पट्टी चालू असताना खर्रा खायचा नाही, जास्त निकोटीनची मळमळ मी पॉडच्या वेळी भोगली आहे.

पहिले तीन दिवस

दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात जड. चिडचिड होते, डोकं धरते, झोप उडते, भूक वाढते, शौचास साफ होत नाही. खर्रेवाल्याला सकाळचा खर्रा खाल्ल्याशिवाय संडासला होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, लाजायचं काही नाही. त्यासाठी रात्री दोन चमचे इसबगोल गरम पाण्यासोबत, सकाळी उठून दोन गिलास कोमट पाणी आणि जेवणात भाजी जास्त. चार-पाच दिवसात पोट लाइनवर येते.

घरच्यांना आधी सांगून ठेवा की तीन दिवस मी तडकलो तर मनावर घेऊ नका. माझी लेक तेव्हा सातवीत होती, मी तिच्यावर पेन्सिलवरून ओरडलो, ती आत गेली आणि आतून म्हणे, "बाबा, आज तिसरा दिवस हाय ना, उद्या कमी होईन." त्या वाक्यानं तो दिवस निघाला.

तलफ आली की ती सारखी वाढतच जाणार असं वाटते. तसं होत नाही. पाच मिनिटं, जास्तीत जास्त दहा, आणि उतरते. घड्याळ पाहा. तेवढ्या वेळात पाणी प्या, लांब श्वास घ्या, जागा सोडा, कोणाला फोन लावा. चार आठवड्यात बरंचसं शांत होते.

हात आणि तोंड

ही गाठ लोक विसरतात. तळहात खाजवते अक्षरशः, पन्नी घोटायची सवय असते ना. मी खिशात शेंगा ठेवायचो, भुईमुगाच्या, सालासकट. सोलायला हाताला काम भेटते, खायला वेळ लागते. सोप भाजून, जवस आणि ओवा थोडं सैंधव लावून, इलायची, लवंग, हे डबीत भरून घ्या. बाजारातला रंगीत मुखवास घेऊ नका, बऱ्याचमधी सुपारीचा चुरा असते. लेबल वाचा, नाहीतर घरीच बनवा. संध्याकाळी विळ्यावर भाजी चिरायला घेतली मी, घरची पहिले हसली, पण तो अर्धा तास माझा सगळ्यात धोक्याचा होता आणि तो निघून गेला.

दात घासून टाकणंही कामाचं आहे. तोंड साफ असलं की त्यात खर्रा टाकावासा वाटत नाही.

ठेला

ठेला म्हणजे नुसता खर्रा नाही, भाव समजते, पाऊस कुठं पडला ते समजते, मजूर भेटते. ठेला सोडा म्हणणं सोपं, पण गावात राहून माणसं सोडता येत नाहीत. मी ठेलेवाल्याला सरळ सांगितलं, "भाऊ, एक महिना मले देऊ नको, मी मागितला तरी नाही." त्यानं पाळलं. पण ज्याला तो भरवसा नाही त्यानं पहिले तीन आठवडे रस्ता बदलवा. आणि दोस्ताला "सोडला" म्हणू नका, "डॉक्टरनं तोंड पाहून बंद करायला लावला" म्हणा. सोडला म्हटलं की लोक पैज लावतात, अर्धा तोंडासमोर धरतात. तोंडाचं नाव काढलं की गप्प बसतात, कारण अर्ध्याअधिकांना स्वतःचं तोंड माहीत असते.

एकट्यापेक्षा दोघांनी सोडलेला बरा. माझ्यासोबत चुलतभाऊ होता, तो दुसऱ्या महिन्यात परत लागला, मंग परत सोडला. गडचिरोलीकडं 2016 पासून मुक्तिपथ अभियान आहे, गावं मिळून दारू-तंबाखूविरुद्ध काम करतात, तिकडच्यांनी त्याची मदत घ्या. बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचं केंद्र असते, समुपदेशक बसतात, पैसे लागत नाहीत. आपल्या गावच्या आशाताईला विचारलं तर ती कोणत्या दिवशी जायचं ते सांगते.

फोनवरचीही मदत आहे आणि ती मी स्वतः घेतली. 1800-11-2356, फुकट नंबर, तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असते, वर्षानुवर्षं आपण तो खिशात घेऊन फिरलो. मराठीत बोलणारं माणूस मागा. सोमवारी बंद राहते, बाकी दिवस सकाळी आठ ते रात्री आठ. मी वावरातून, धुऱ्यावर बसून लावला होता. तिकडच्या ताईनं तारीख विचारली आणि नंतर त्यांचेच फोन आले, कसं चालू आहे म्हणून. कोणीतरी आपली तारीख लक्षात ठेवते याचा फरक पडते.

आयाबायांसाठी वेगळं लिहायला पाहिजे, पण एवढं तरी सांगतो की गुडाखू आणि मिशरी हीसुद्धा तंबाखूच आहे, दात साफ करायचं औषध नाही, आणि वरचे सगळे नियम त्यालाही लागू. त्यांना ठेला नसते, पण सकाळची वेळ असते, तीच बदलवावी लागते.

परत खाल्ला तर

माझ्याकडून अकराव्या आठवड्यात झाला. मयतीला गेलो होतो, रात्रभर जागरण, कोणीतरी हातावर ठेवला आणि मी टाकला. चक्कर आल्यासारखं झालं, थुंकून दिला, पण अपराधी इतकं वाटलं की आता गेलंच तर पूर्ण खाऊ असं मनात आलं. तेव्हा त्या फोनवरच्या ताईचं आठवलं: एक खाल्ला म्हणजे एक खाल्ला, तारीख तीच ठेवा. कॅलेंडरवर एक रेघ मारली, बाजूला "मयत, रात्र, गम नव्हतं" लिहिलं. गम नव्हतं हेच कारण होतं. कमी करत आणले म्हणून घरी ठेवून गेलो होतो.

तेव्हापासून जागरण, बाजार, लग्न, मयत, कुठंही जायचं असलं की दोन गोळ्या खिशात. बाराव्या आठवड्यानंतर रोजचे बंद केले, पण त्या दोन राहिल्या. तीन बोटांची तपासणी दर महिन्याच्या एक तारखेला करतो, सावंगीच्या डॉक्टरनं सांगितलेला तोंड उघडायचा व्यायाम आइस्क्रीमच्या काड्या दाताच्या मधात धरून सकाळ-संध्याकाळ चालू आहे, आणि मागच्या महिन्यात तिसरं बोट घासलं तरी आत गेलं. खिशातल्या गोळ्यांची एक्सपायरी या जूनमध्ये आहे, गमची नवीन पट्टी आणायची आहे.